फ्रीझरमधले वाटाणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर गुरुवारी सकाळी साडेसात वाजता, केलर्स लँडिंग गावच्या स्लामा बेकरीत खिडकीजवळच्या टेबलावर बेसबॉल चालू असे. मैदान नदीकाठी बर्फाखाली झोपलेलं, खेळाडू आपापल्या घरी गेलेले, पण टेबलाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं इथे ठरे. मोठ्या क्लबचे मॅनेजर लोक ते ऐकत नसत, हा त्यांचा दोष.

टेबलावर कायमचे तिघं. लव्हर्न हॅवरकँप, चाळीस वर्षं नदीवर मालवाहू बोटी चालवून घरी बसलेला. आवाज मात्र अजून इंजिनाच्या घरघरीवरून ओरडणाऱ्याचाच. टॉड प्रीसलर, विमा विकणारा, चव्वेचाळीस वर्षांचा, म्हणजे तिघांतला पोरगेला. फोन हातातून सुटत नसे. आणि मर्ल व्होंड्रा, एकाहत्तर वर्षांचा. धान्याच्या कोठारांवर मक्यातली ओल मोजण्यात त्याची नोकरी संपली होती, आणि गेली बावीस वर्षं तो गावच्या डेकहँड्स संघाचा अधिकृत स्कोअरर होता.

डेकहँड्स हा मोठ्या लीगमधल्या एका क्लबचा खालचा संघ. इथून पोरं वर जात, नाहीतर घरी जात. आणि स्कोअरर म्हणजे नुसता धावा मोजणारा नव्हे. चेंडू हातातून निसटला तर ती फटक्याची करामत की क्षेत्ररक्षकाची चूक, आणि चूक असेल तर नेमकी कोणाची, हे ठरवायचा अधिकार त्याचा एकट्याचा. त्याने निर्णय दिला की फळ्यावर दिवा लागे आणि सगळं मैदान बघे. कोणाला तो पटत नसे, पण एका माणसाची चूक मर्लने दुसऱ्याच्या नावावर टाकली असं बावीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. गावात तो ताठ मानेने चाले, ते एवढ्या एका गोष्टीवर.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, आर्लीनने, उन्हाळ्यात एका खेळाडूला घरी ठेवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मर्लने आधी लीगच्या ऑफिसला पत्र लिहून परवानगी मागवली. बाहेरगावच्या पोरांना गावातल्या घरांनी सीझनभर ठेवून घ्यायची पद्धत तशी जुनी. कोणतं पोर कोणाकडे, याची यादी करायचं काम आर्लीनकडेच होतं. स्वतःच्या वरच्या खोलीत तिने विल्किन टाव्हारेसला ठेवला. एकोणीस वर्षांचा, डॉमिनिकन, बानी गावचा, उजव्या मैदानात उभा राहणारा. कुंपणापाशी पडलेला चेंडू उचलून थेट होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या जागेवर, वाटेत टप्पा न पाडता फेकणारा हात घेऊन आला होता.

पहिल्याच आठवड्यात मर्लने त्याच्या नावावर दोन चुका लावल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विल्किन म्हणाला, "मिस्टर मर्ल, मैदानात चूक आणि घरी अंडी. रोज असंच राहणार का?"

"अंडी आर्लीन देते," मर्ल म्हणाला. "चुका तू करतोस. मी फक्त लिहितो."

आर्लीनला एवढं हसू आलं की तिला शेगडी बंद करावी लागली. तेव्हापासून तो पोरगा घरचाच झाला.

त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. त्या गुरुवारी टेबलावर विषय एकच होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका क्लबला लांबच्या मैदानात खेळणारा तरुण आउटफिल्डर हवा होता आणि बदल्यात ते डावखुरा पिचर द्यायला तयार होते. आपल्याकडून जाणार कोण? नावं दोनच चर्चेत होती: डेकहँड्समधलाच ब्रॉक सँडक्विस्ट आणि विल्किन. जो जाईल त्याचं भाग्य उजळणार हे कोणीही सांगितलं असतं. त्या क्लबचं उजवं मैदान रिकामं पडलं होतं; इथे मात्र विल्किनच्या पुढे तिघं रांग लावून उभे होते. विल्किनने जावं असं मर्लला मनापासून वाटत होतं. आर्लीनने तर त्या शहरातली थंडी किती असते ते बघून ठेवलं होतं.

"सँडक्विस्ट जाणार," लव्हर्न म्हणाला. "लिहून घे. ते लोक आंधळे नाहीत."

"आंधळे नाहीत म्हणूनच विल्किन," मर्ल म्हणाला. "ऑगस्टची बॅटिंग बघ. दहातल्या तीन वेळा हिट. वरच्या लीगमध्येही एवढं थोड्यांनाच जमतं."

"बॅटिंग घेऊन काय करू? हात बघ ना. जूनमध्ये पोरगा कुंपणावरून होम प्लेटपर्यंत फेकत होता. ऑगस्टमध्ये चेंडू फेकत होता की चर्चच्या ताटलीत नाणं टाकत होता?"

टॉड हसला. "खरं आहे. अर्ध्या वाटेवरच्या माणसाकडे, तोही दोन टप्पे खात."

"सीझन लांब असतो. थकतात पोरं."

"सँडक्विस्ट थकला का? नाही. सोड रे मर्ल, तुझा पोरगा आळसावलाय. नाहीतर घाबरलाय. दोन्हींतलं तुला बरं वाटेल ते घे."

"आळशी नाही तो. आणि घाबरटही नाही."

"काय तो निर्णय द्या, स्कोअररसाहेब."

टॉडने फोनवरून नजर न उचलता म्हटलं, "त्याला कशाला विचारतोस? त्याच्या घरी जेवतो पोरगा. मर्ल कुठला देतोय त्याला चूक."

हे बोलणं थट्टेतलं होतं. टॉडला ते दुपारपर्यंत आठवलंही नसतं. पण मर्लच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बावीस वर्षं. परवानगीचं पत्र. पहिल्याच आठवड्यातल्या दोन चुका.

"ऑगस्टभर त्याचं कोपर सुजलेलं होतं," तो म्हणाला. "टोमॅटोएवढं. मॅच संपली की माझ्या स्वयंपाकघरात बसून गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी बांधायचा, रोज. उजव्या हाताने चमचा उचलता येत नव्हता त्याला. कोणापुढे बोलला नाही. ट्रेनरपुढेसुद्धा नाही. आणि तसल्या हाताने दहातल्या तीन. आता सांग, घाबरट कोण."

 लव्हर्नने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे माहीत नव्हतं बाबा," तो म्हणाला. "मागे घेतो शब्द."

टेबलाची एक रीत होती. वादात जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला खसखस भरलेली कोलाची, म्हणजे गोल गोड पाव, खाऊ घालायची. लव्हर्न स्वतः उठून काउंटरवरून गरम कोलाची घेऊन आला आणि ताटली मर्लपुढे ठेवली. मर्लने ती सावकाश खाल्ली. वरची साखरही बोटाने टिपली.

विल्किनचे शब्द त्याला घरी जाताना आठवले, गाडी नदीच्या वळणावर आली तेव्हा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वाटाण्यांची पिशवी कोपरावर दाबून धरत तो म्हणाला होता, "मिस्टर मर्ल, हे घरात राहू द्या. क्लबला कळलं की मला झाकून ठेवतील, मग ठेवलंय कुठे ते विसरून जातील." मर्लने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "घरात राहील." एवढंच. दोन शब्द.

त्याने स्वतःची समजूत घातली. लव्हर्न आणि टॉड, दोघंच तर आहेत. बेकरीतलं बोलणं बेकरीत राहतं.

शनिवारी सकाळी, आर्लीन चर्चच्या कामाला गेली असताना, त्याने कॉम्प्युटर उघडला. मोठ्या क्लबच्या चाहत्यांची एक साइट होती. हिवाळ्यात तो रोज तिथे डोकावे, स्वतः कधी काही लिहीत नसे. सगळ्यात वरचा मजकूर असा होता: 'टाव्हारेसच्या हाताचं खरं कारण. तो ज्या घरात राहतो त्या घरातली पक्की खबर. ऑगस्टभर कोपर टोमॅटोएवढं, रोज वाटाण्यांची पिशवी, ट्रेनरला पत्ता नाही.' खाली नाव नव्हतं, पण विमावाल्याचा दरवाजा ठोकणारा सूर मर्लला ओळखू आला. अकराशे लोकांनी ते वाचलं होतं. टोमॅटो हा शब्द त्याचा स्वतःचा होता.

आणि त्या क्षणी, आपण काय केलं ते कळण्याच्या आधी, अगदी पाव क्षण आधी, त्याला बरं वाटलं. अकराशे लोकांनी आपला शब्द वाचला याचं. पुढे अनेक दिवस, बाकी सगळ्याला काही ना काही सबब सापडली तरी, या पाव क्षणाला त्याला सबब सापडली नाही.

पुढच्या गुरुवारी टॉड खुशीत होता. "आपली बातमी कुठे कुठे गेली बघितलंत का? किनाऱ्यावरच्या पेपरवाल्याने उचलली."

"तू लिहिलीस ती?" मर्लने विचारलं.

"मग काय. अरे, तुझ्या पोराच्या बाजूनेच लिहिलंय. दुखऱ्या हाताने खेळला म्हणजे मर्दच की. तुझं नाव घातलं नाही हं, काळजी करू नकोस."

काढून टाक, असं म्हणायला मर्लने तोंड उघडलं. पण म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगायचं म्हणजे तिथेच, त्या दोघांपुढे, आपण काय केलं ते उच्चारावं लागलं असतं. त्याने कॉफी ढवळली. त्यात साखर घातलेली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अदलाबदल झाली. किनाऱ्यावरच्या क्लबने सँडक्विस्टला नेलं. पेपरात लिहिलं होतं की आधी त्यांना टाव्हारेस हवा होता, पण त्याच्या कोपराबद्दल ऐकल्यावर त्यांनी तपासणीचे कागद मागितले, आणि इकडच्या क्लबकडे कागदच नव्हते. विल्किनने दुखणं लपवल्याचा इकडच्या क्लबला फार राग आला. विल्किन तेव्हा स्वतःच्या देशात हिवाळी लीग खेळत होता, घरापासून तासाभरावर. आयुष्यात पहिल्यांदा त्याची आई त्याला स्टँडमध्ये बसून बघत होती. त्याला तिथून उचलून ॲरिझोनात तपासणीला आणलं. स्कॅनमध्ये जुनी चीर दिसली, बरीचशी भरून आलेली. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही. क्लब म्हणाला, तरी तीन महिने चेंडू फेकायचा नाही, आणि एप्रिलमध्ये पुन्हा डेकहँड्सकडेच, तिसऱ्यांदा.

फोन आर्लीनला आला, एका दुपारी. मर्ल बाहेर अंगणातला बर्फ उपसत होता. आत आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, कोट न काढता बसली होती.

"विल्किनचा फोन होता," ती म्हणाली. "त्याने विचारलं, मिसेस आर्लीन, वाटाण्यांचं कोणाला माहीत होतं? म्हणाला, संघातल्या कोणालाच माहीत नव्हतं. फक्त या घराला." तिने हातमोजे काढून टेबलावर एकावर एक ठेवले. "मर्ल, मीच बोलले असणार."

"तू?"

"ऑगस्टमध्ये दुकानात. एवढे वाटाणे कशाला नेता, असं काउंटरवरच्या बाईने विचारलं. मी हसून म्हटलं, खायला नाहीत, हाताला बांधायला आहेत. एवढंच बोलले, पण बोलले. मागे फिलिस उभी होती, आणि फिलिसचं तोंड तुला माहीत आहे."

मर्ल दारात उभा होता. बुटांवरचा बर्फ वितळून पायपुसण्यावर पसरत होता. ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर तयारही होतं.

"एवढ्याशा बोलण्याने काही होत नाही," तो म्हणाला.

"झालं ना पण," आर्लीन म्हणाली.

खोटं तो बोलला नव्हता. त्या रात्री आणि पुढच्या बारा दिवसांत त्याने हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. नुसता गप्प राहिला होता. पण गप्प राहिलेल्या स्कोअररचा निर्णयही फळ्यावर लागतोच. दिवा लागला नाही की लोक समजायचं ते समजतात. आणि गाव समजलं. चर्चमध्ये दोघी-तिघी आर्लीनशी जरा जास्त गोड बोलायला लागल्या. दुसऱ्या एका यजमान घराने विचारलं, घरातलं बाहेर जातं म्हटल्यावर पोरं आमच्याकडे मोकळेपणाने राहतील का? आर्लीनने कोणाशी वाद घातला नाही. तिने यादीची वही बांधून संघाच्या ऑफिसात नेऊन दिली. नऊ वर्षं तिने ती वही सांभाळली होती. परत आली आणि म्हणाली, "बरं झालं. आता माझंही वय झालं."

गुरुवारी मर्ल बेकरीत गेला. गेला नसता तर लोकांनी का ते विचारलं असतं. लव्हर्न म्हणाला, "आर्लीनला सांग, मनाला लावून घेऊ नको म्हणावं. बायकांच्या तोंडून जातं एखादं." लव्हर्नला खरं माहीत होतं. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून त्याने ते ऐकलं होतं. पण त्याच्या डोक्यात दोन गोष्टी जोडल्याच गेल्या नव्हत्या; त्याच्या लेखी बेकरीतलं बोलणं हे बोलणं नव्हतंच, ते बेसबॉल होतं. टॉडच्या डोक्यात त्या जोडल्या गेल्या असाव्यात. तो फोनमध्ये खाली खाली सरकवत राहिला.

"सांगतो," मर्ल म्हणाला.

ख्रिसमसच्या आधीच्या सोमवारी आर्लीन सकाळपासून टेबलाशी बसून पत्र लिहीत होती. विल्किनला. संध्याकाळच्या क्लासात शिकलेल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये, बाजूला शब्दकोश उघडा ठेवून. तीन कागद फाडून झाले होते. मर्ल कॉफी घ्यायला आला तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "लाज वाटते याला स्पॅनिशमध्ये दोन शब्द दिलेत. एक साधा आणि एक मोठा. कोणता घालू?"

मर्लने कप खाली ठेवला.

"पत्र लिहू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"तू नाही. मी बोललो. बेकरीत. नोव्हेंबरात, लव्हर्न आणि टॉडपुढे. टॉडने ते साइटवर टाकलं. दुकानातलं कोणाच्या लक्षातही नसेल."

आर्लीनने पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलं का बघितलं.

"का बोललास?"

त्याला पुष्कळ उत्तरं सुचली. पोराची बाजू घ्यायला. त्याला घाबरट म्हणाले म्हणून. ती सगळी अर्धी खरी होती.

"टॉड म्हणाला, मी त्याला चूक देत नाही म्हणून," तो म्हणाला. "वादात जिंकायला."

"आणि मी फोन घेतला त्या दिवशी तू दारात उभा होतास."

"हो."

"बारा दिवस."

"हो."

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने शब्दकोश मिटला, लिहिलेला कागद घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला आणि भिंतीवरचा बिनतारी फोन काढून त्याच्यापुढे धरला. "मी दुसऱ्या खोलीत आहे," ती म्हणाली.

विल्किनने चौथ्या रिंगला उचलला. मागे कुठेतरी रेडिओ चालू होता, कोंबडा ओरडत होता. ॲरिझोनातून त्याला सुट्टीपुरतं घरी सोडलं होतं. मर्लने सगळं सांगितलं, वाक्यामागून वाक्य, स्कोअरकार्ड वाचून दाखवावं तसं. पाव क्षणाचं तेवढं सांगितलं नाही. ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

पलीकडे रेडिओ बंद झाला.

"मला वाटलं मिसेस आर्लीन," विल्किन म्हणाला. "मी तिच्याशी नीट बोललो नाही. फोन ठेवून दिला."

"तिची काही चूक नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही तिच्या नावावर राहू दिलंत." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, आणि ते रागापेक्षा जड होतं. "मिस्टर मर्ल, माझी चूक तुम्ही कधी दुसऱ्याला दिली नाहीत. दुसऱ्याची मला दिली नाहीत. मी आईला सांगायचो, तो माणूस कडक आहे, पण सरळ आहे. तुम्ही चूक लावली की मला वाईट वाटायचं, पण पटायचं."

मर्लने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या चुका सगळ्या गावाने बघितल्या," विल्किन म्हणाला. "दिवा लागायचा. तुमची ही कोणी बघितली?"

"तू. आणि आर्लीन."

"मग अजून लागली नाही." मागे कोंबडा पुन्हा ओरडला. "एप्रिलसाठी मी दुसरं घर मागितलंय. आता त्याचं कारण बदललं, पण घर तेच राहू दे. मिसेस आर्लीनला फोन देता?"

मर्लने फोन नेऊन दिला आणि तो गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला. तिथे भिंतीला टेकून विल्किनच्या दोन बॅट होत्या, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या. आतून आर्लीनचं स्पॅनिश ऐकू येत होतं, अडखळत, मग एकदा हसल्यासारखं.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, चर्चनंतर, संघाच्या चाहत्यांचं वार्षिक जेवण असे. तळघरातल्या हॉलमध्ये लांब टेबलं, डुकराचं भाजलेलं मांस, बटाटे, कोबी, आणि शेवटी मोठ्या क्लबच्या नव्या पोरांबद्दल वादावादी. दीडशे माणसं. यजमान घरांना तिथे दरवर्षी उभं करून टाळ्या वाजवत. आर्लीन यायला तयार नव्हती. "तू ये," मर्ल म्हणाला. "एवढ्या वेळी ये." ती आली आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसली.

यजमानांची नावं वाचून झाली. तिचं नाव वाचताना टाळ्या थोड्या कमी पडल्या. मोजण्याची सवय असलेल्या माणसालाच कळावं इतक्या. मर्ल उठला. स्कोअररने दरवर्षी सीझनची आकडेवारी सांगायची प्रथा होती, म्हणून माइक त्याच्याकडे आला.

"आकडे बाहेर कागदावर लावलेत," तो म्हणाला. "मला एक दुरुस्ती करायची आहे. विल्किनच्या कोपराची गोष्ट आमच्या घरातून बाहेर गेली हे खरं आहे. ती आर्लीनने सांगितली असं तुम्ही समजता. ती मी सांगितली, स्लामा बेकरीत, वाद जिंकायला. मी त्याला शब्द दिला होता. नंतर आर्लीनला वाटलं तिच्याकडून गेली, आणि मला माहीत असून मी बारा दिवस तिला तसं वाटू दिलं. तुम्हाला दीड महिना. निर्णय चुकीच्या नावावर लागला होता. तो माझ्या नावावर घ्या."

कुठेतरी काटा ताटलीवर पडला. मग लव्हर्नचा आवाज आला, त्याच्या मते हळू, पण हॉलभर ऐकू जाईल एवढा. "बस रे खाली, मर्ल. त्यात काय एवढं. आपण सगळेच बोलतो."

चारपाच जण हसले. सुटका झाल्यासारखं हसू होतं ते. कोणीतरी "अगदी खरं" म्हणालं. टॉड मान खाली घालून बसला होता, बाजूच्या माणसाने त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन मिनिटांत पलीकडच्या टेबलावर मधलं मैदान सांभाळणाऱ्या नव्या सेंटरफिल्डरवरून जुंपली: तो धावतो चांगला, पण वळणारा चेंडू त्याला दिसत नाही. मर्ल माइक हातात घेऊन उभाच होता. आपल्याला कोणी काही बोलणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. दीडशे माणसं त्याला सांभाळून घेणार होती. आर्लीनच्या वाट्याला हे दीड महिना आलं नव्हतं, आणि त्यातल्या कोणाला ते खटकलंही नव्हतं.

"मर्ल," लव्हर्नने हाक मारली, "इकडे ये. सांग याला, त्या सेंटरफिल्डरने वळणारा चेंडू किती वेळा हुकवला ते. तुला पाठ असेल."

मर्लला पाठ होतं. एकतीस. आकडा ओठापर्यंत आला. त्याने माइक ठेवला आणि कोट घेतला.

 घरी आल्यावर आर्लीनने चर्चचे कपडे बदलले, एप्रन बांधला आणि फ्रीझर उघडला. वाटाण्यांची पिशवी खालच्या कप्प्यात होती, कोपराच्या आकारात वाकून गोठलेली. वर तिच्या अक्षरात, काळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'विल्किनसाठी. शिजवू नये.' ऑगस्टनंतर ती कोणी हलवली नव्हती. एप्रिलमध्ये लागली तर असू दे, असं ती म्हणाली होती.

तिने कात्री घेऊन पिशवीचं तोंड कापलं आणि वाटाणे पातेल्यात ओतले.

"तू दुपारी नीट जेवला नाहीस," ती म्हणाली. "बस."

महिनाभर रोज वितळून पुन्हा गोठलेले ते वाटाणे. त्यांना रंग उरला नव्हता आणि चव तर कसलीच नव्हती. आर्लीनने त्याच्यापुढे भरलेली ताटली ठेवली, मीठदाणी जवळ सरकवली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मर्लने चमचा उचलला. ताटली रिकामी होईपर्यंत ती तिथे बसून होती.